बांधात उतरलेली धूळ

मी काय काम करते असं संतपूरला, म्हणजे माझ्या गावी, कुणी विचारलं, की मी ‘हवामानाचं’ एवढं सांगून मोकळी होते. ते खोटं नाही. पण खरं सांगायचं तर मी बॉम्बची धूळ मोजते. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मोठ्या देशांनी उघड्या आकाशात अणुबॉम्ब फोडून पाहिले. त्यांचा धुरळा ढगांच्याही वर, जिथे पाऊस नसतो अशा थरात जाऊन बसला. तिथे त्याला धुऊन काढायला काहीच नव्हतं. तो तिथल्या वाऱ्यांबरोबर हिंडत राहिला आणि महिन्यांनी, वर्षांनी खाली आला. तो कुठे किती पडला आणि कुठल्या ऋतूत पडला, हे मोजता मोजता लोकांना कळलं की त्या उंचीवर हवा कशी फिरते. आपल्या उष्ण पट्ट्यावर ती सावकाश वर चढते, मग ध्रुवांच्या बाजूला सरकते आणि उतरते ती आपल्यापासून लांब, तीही वसंतात जास्त. त्याआधी ती वाट कुणी पाहिली नव्हती. या धुळीनं ती दाखवली.

हे सगळं फार सुंदर आहे आणि मला त्याची लाज वाटते. तीच धूळ गवतावर पडली, गाईंच्या दुधात आली, पोरांच्या हाडांत जाऊन बसली, आणि आमच्या शास्त्राला आयता नकाशा मिळाला. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे एकदा समजावून सांगितलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे दुसऱ्याच्या पापावर तुमचं दुकान चालायलंय.” मी चिडले. मी लवकर चिडते, त्या बाबतीत त्यांच्यावरच गेले आहे. 

त्या धुळीतलं सीझियम हे किरणोत्सारी द्रव्य अजून मातीत आहे. तीस वर्षांत ते निम्मं होतं, म्हणून आता थोडंच उरलंय. पण मातीला ते असं चिकटून बसतं की पाण्यानं सहजी हलत नाही. माती कुणी उलथीपालथी केली नसेल, तर ते वरच्या थरात दाट सापडतं आणि खाली जाता जाता विरळ होत जातं. अशा जागेची माती थराथरानं मोजली, की वरच्या हवेनं त्या गावावर एकूण किती धूळ सोडली ते कळतं. आमच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेला उत्तर-दक्षिण अशा एका रेषेवरच्या गावांतली माती हवी होती आणि माझं गाव नेमकं त्या रेषेवर. अट एकच होती, जागेला कधी नांगर लागलेला नको.

आता औराद तालुक्यात अशी जागा शोधून दाखवा. सोयाबीन निघालं की हरभरा, हरभऱ्याशेजारी ज्वारी, ज्वारीला लागून तूर. ट्रॅक्टर वळायला अडचण नको म्हणून लोक बांधावरच्या बाभळीसुद्धा ठेवत नाहीत. पुष्कळ हिंडल्यावर बसवण्णाच्या देवळामागचा एक पडीक तुकडा मिळाला. देवाच्या जागेत नांगर घालायची कुणाची छाती झाली नव्हती. पण अजून एक जागा हवी होती. जेवताना मी हे रडगाणं गायला लागले, तेव्हा अप्पा म्हणाले, “कामून हिंडायलीस उन्हातान्हात? आपला बांध घे की. माज्या आज्ज्यानं घातल्याला. त्याला आजवर कुदळ लागली न्हाई.”

 तो बांध म्हणजे आमच्या घराचं जुनं दुखणं.

बांधाच्या पलीकडचं रान काकांचं, अप्पांच्या धाकट्या भावाचं. आजोबा गेले, वाटणी झाली, तेव्हा काका हैदराबादला ड्रायव्हर होते. काही वर्षांनी ते गावात परत आले, रानात गेले आणि म्हणाले, अण्णा, बांध माझ्याकडं सरकलाय. अप्पा म्हणाले, होता तिथंच हाय. मोजणीवाले आले, पण खुणेचे दगडच जागेवर सापडले नाहीत. शेवटी पंच बसले. आणि पंच तरी काय करणार? अप्पांच्या कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, तोंडात शब्द मोजका आणि पक्का. आसपासच्या गावांत भावाभावांत बांधावरून जुंपली की लोक अप्पांनाच बोलावतात, आणि अप्पा बांधावर उभे राहून जे सांगतील ते दोघंही मानतात. असा माणूस स्वतःचा बांध सरकवील का? पंचांनी काकांनाच समज दिली.

तेव्हापासून गावाला एक करमणूक मिळाली. काका कट्ट्यावर दिसले की कुणीतरी विचारणारच, “काय म्हणतो बांध? आज किती सरकला?” सगळे हसायचे. आमच्या घरातही हसायचे. दोन्ही घरांचं जेवणखाण बंद झालं. काकू वारल्या, तेव्हा अप्पा मातीला गेले आणि त्या घरचा घोटभर चहाही न घेता परत आले.

“नको अप्पा, दुसरी जागा बघू,” मी म्हटलं.

“कामून? तुज्या मशीनवर भरवसा न्हाई, का माज्यावर?”

यावर मुलीनं काय बोलायचं? सकाळी आम्ही रानात गेलो. माझ्याबरोबर आलेला तंत्रज्ञ घणानं पोलादी नळी बांधात ठोकायला लागला, मी पिशव्या उघडून बसले. घणाचा आवाज ऐकून पलीकडच्या तुरीतून काका बाहेर आले आणि आपल्या हद्दीत उभे राहिले. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसत. म्हणून अप्पांनी तुरीच्या झाडांना ऐकवलं, “पोरगी बांधाचं वय काढायलीय. आता मशीनच सांगंल, कोण खरा कोण खोटा.”

काकांनी डोक्याचा रुमाल काढला. अप्पांकडे न बघता त्यांनी मला विचारलं, “अक्का, खरंच कळंल का गं?”

आम्ही बांधाचं वय काढायला नाही, वरच्या हवेची धूळ मोजायला आलोय, असं मी तिथेच सांगायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला आपल्या यंत्राचा तोरा असतोच. मी म्हटलं, “कळतं काका. माती हलवलेली असली की लगेच कळतं.”

“मंग जे निघंल ते मला मान्य हाय,” काका म्हणाले.

“मलाबी,” अप्पा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की अप्पांची पोरगी हैदराबादच्या मशीनवर बांधाचा निकाल लावणार. ढगांच्या वरची हवा कुठे चढते आणि कुठे उतरते, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. आमच्याकडे बांध म्हटलं की आभाळसुद्धा साक्षीला यावं लागतं. मी हसले आणि बसमध्ये बसले. खरं सांगते, त्या दिवशी माझ्या मनात शंकेचा लवलेश नव्हता. अप्पा चुकीचे असू शकतात, हे मला सुचलंच नव्हतं.

प्रयोगशाळेत शिशाच्या जाड डब्यात एकेका थराची माती ठेवून मोजत बसावं लागतं. सीझियम आता इतकं क्षीण आहे की एकेका डब्याला फार वेळ लागतो. देवळामागची माती आधी मोजली. पाठ्यपुस्तकात छापावी तशी निघाली, वर दाट, खाली विरळ, आणि एकूण धूळ अगदी थोडी. ते बरोबरच होतं. आपल्या डोक्यावर हवा चढते, उतरत नाही, म्हणून आपल्या वाट्याला बॉम्बची धूळ कमी आली. मी खूश झाले.

मग बांधाची माती मोजली. वरपासून खालपर्यंत सारखीच. कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. म्हणजे धूळ पडून गेल्यावर कुणीतरी नांगरलेल्या रानातली माती ओढून तिचा ढीग घातला होता. अप्पांच्या आज्ज्याच्या काळी हे बॉम्ब फुटलेच नव्हते. त्यांनी घातलेला बांध असा ढवळलेला निघूच शकत नव्हता.

मी सगळं पुन्हा मोजलं. मग पळवाट शोधली. काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती खाली पडते, थर बिघडतात. हे शास्त्रात मान्य आहे. एक दुपार मी या भेगांना धरून काढली. पण देवळामागची जमीनही तीच काळी, तिलाही उन्हाळ्यात तशाच भेगा, आणि तिथले थर मात्र शाबूत. संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं विचारलं, “काय गं, जागा खराब निघाली का?” मी हो म्हटलं.  आमच्या कामात अशा मातीला ‘ढवळलेली’ म्हणतात आणि बाजूला टाकतात. वडिलांना बाजूला टाकायची सोय कुठल्याच शास्त्रात नाही.

मला सगळ्यात जास्त कशाची लाज वाटली, ते सांगते. अप्पांनी बांध सरकवला याची वाटलीच. भावानं भावाचा बांध कोरणं आमच्याकडे नवीन नाही. पण मग त्यांनी तोच बांध मला आपण होऊन का दाखवला? एक तर तीच गोष्ट सांगून सांगून त्यांना स्वतःला ती खरी वाटायला लागली असेल. नाहीतर त्यांनी असा हिशेब केला असेल, की मशीन पोरीचं आहे आणि पोरगी घरची आहे. या दुसऱ्या विचारानं मला रडू आलं.

अप्पांचे फोन यायचे. निकाल काय लागला? मी म्हणायची, मशीन रिकामं नाही. शेवटी ते म्हणाले, “येळवशीला ये. तुज्या काकालाबी बोलावलोय. रानातच सांग सगळ्यांसमोर.”

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. बाहेरच्यांना दिवाळी-दसरा माहीत, पण आमच्या बिदर-कलबुर्गीकडे आणि लातूरकडे या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपी घालतात, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडतात, पूजा झाली की रानात आंबील शिंपडतात आणि मग सगळ्या भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवतात. या दिवशी कुणी कुणाच्या रानात जेवायला नाही म्हणत नाही. तरीही आमचे काका इतकी वर्षं बांधापलीकडे आपल्या कोपीत एकटे जेवायचे, आणि दोन्हीकडच्या भज्जीचा वास एकाच वाऱ्यावर यायचा.

आदल्या दिवशी अप्पांना एकटं गाठून सांगायचं, असं ठरवून मी आले होते. आईच्या हाताखाली भाज्या निवडल्या, डाळी भिजवल्या, अप्पांच्या मागेपुढे घुटमळले आणि तोंड उघडलं नाही. माझ्याच्यानं झालं नाही.

काका आले. स्वच्छ धोतर नेसून, बांध ओलांडून आले आणि पंगतीत अप्पांपासून दोन माणसं सोडून बसले. पंगतीत गावातली जाणती माणसं होती. काकांवर निकाल देणाऱ्या पंचांपैकी हयात असलेले दोघंही होते. जेवण अर्ध्यावर आलं आणि अप्पांनी हात उंच करून मला हाक मारली. “सांग की आता. सांग सगळ्यांना. कुणाचं खरं निघालं?” हे म्हणताना ते पंचांकडे बघून हसले.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी काही सत्यासाठी उभी राहिले, असं कुणी समजू नये. मला नुसता राग आला. मी आंबिलीचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, “बांध जुना नाही, अप्पा. नांगरलेली माती ओढून नंतर घातलाय.”

 अप्पांच्या बोटांत उंड्याचा तुकडा होता. त्यांनी तो खाल्ला नाही आणि पानातही ठेवला नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य शोधत होते. खरोखर सांगते, मी आशेनं शोधत होते. ते तिथे नव्हतं. तिथे पकडलेल्या माणसाचं तोंड होतं, आणि ते तोंड माझ्या वडिलांचं होतं. पायाखालची जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

सगळे आता काकांकडे बघत होते. एवढ्या वर्षांची चेष्टा त्यांनी एका वाक्यात फेडली असती, तरी कुणी नावं ठेवली नसती. काकांनी अप्पांकडे पाहिलं. मग ते पानातली भज्जी कालवत, जसं काही पिकापाण्याचं बोलावं तसं बोलले.

“काळी जमीन हाय बाबा. उन्हाळ्यात ह्या एवढ्या भेगा पडत्यात. माजं खुरपं गेलतं एकदा, घावलंच न्हाई. वरची माती खाली, खालची वर. मशीन तरी काय करंल? चुकलं असंल मशीन.”

“व्हय,” अप्पा म्हणाले. “भेगाच.”

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, मशीन माझं. देवळामागची माती मला माहीत होती. “होतं असं काळ्या जमिनीत,” मी म्हटलं आणि आंबिलीचं भांडं उचललं. पंगतीला हायसं वाटलं. पंचांपैकी एकानं मशीनच्या नावानं विनोद केला, लोक हसले. मी वाढत वाढत काकांपर्यंत आले, तेव्हा त्यांनी वाटीवर हात धरला. “साकु गं, साकु. बास.”

जेवण झाल्यावर ते हात धुवायला विहिरीकडे गेले. मी तांब्या घेऊन मागोमाग गेले आणि विचारलं, “तिथं तसं का बोललात काका? तुमचं खरं होतं.”

“अण्णाचं तोंड बघितलीस न्हवं तू?”

मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्यांनी हात धुतले, चूळ भरली, रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाले, “अक्का, सगळं गाव एकच बोलायलं की माणसाला आपल्या डोक्याचा भरवसा राहत न्हाई. तुजी काकूबी शेवटी म्हणायली, तुमाला भास झाला असंल, सोडा आता. मलाबी वाटायलतं, असंल भास. बांध कुठं हुता ते मला खरंच आठवतंय का मी मनानं रचलोय, हेबी कळंना झालतं. आता कळलं. मी येडा न्हाई.” त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते हसत होते. “काकूला सांगाय पायजे हुतं,” एवढं म्हणून ते बांध ओलांडून आपल्या रानात गेले.

मी रिकामा तांब्या घेऊन विहिरीपाशी उभी राहिले. त्यांना रान नको होतं. त्यांना फक्त आपली आठवण परत हवी होती, आणि तीसुद्धा आम्ही त्यांना चोरून, विहिरीच्या आडोशाला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मोटरसायकल थांबली. शेजारच्या गावचे दोघं सख्खे भाऊ, एकाच गाडीवरून आलेले आणि एकमेकांकडे पाठ करून ओट्यावर बसलेले. बांधाचं भांडण. अप्पांना न्यायला आले होते. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा थोरला म्हणत होता, “अप्पा, तुमी आल्याबिगर मिटत न्हाई बघा. तुमच्या बांधाचं कळलं आमाला काल. मशीनच खोटं निघालं म्हणं, आणि धाकट्यानंच कबूल केलं सगळ्यांसमोर.”

म्हणजे एका रात्रीत गोष्ट तिथपर्यंत गेली होती. काकांच्या दयेतून अप्पांना खरेपणाचा दाखला मिळाला होता.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपांकडे पाहत राहिले. मी काही बोलणार नव्हते. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि बहुतेक त्यांनाही कळलं.

त्यांची पूजा आटोपली होती, टोपी हातात होती, निघायचीच तयारी होती. ती टोपी त्यांनी परत खुंटीला अडकवली. “माज्यानं यायचं न्हाई,” ते म्हणाले.

“तब्येत बरी न्हाई का?”

“तब्येतीला काय धाड भरलीय?” अप्पांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “माज्या धाकट्याला घिऊन जावा. कुणाचा बांध कुठं हुता, ते त्याला बराबर आठवतंय.”

आलेल्या दोघांतला धाकटा मोठ्यानं हसला. अप्पा चेष्टा करायलेत, असं त्याला वाटलं. अप्पा हसले नाहीत. ते ओट्यावरून उतरले, अनवाणीच फाटकापर्यंत गेले आणि त्या दोघांना काकांच्या घराची वाट दाखवायला लागले.